मार्शल आर्ट जिम : फ्रँचायझी घ्यावी की स्वतःचा क्लास काढावा? (पुणे)

वाकडकर_७७

वाकडला मुख्य रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर १,२०० चौरस फुटांची जागा बघून ठेवली आहे. मुलांसाठी कराटे-किकबॉक्सिंग आणि मोठ्यांसाठी फिटनेस किकबॉक्सिंग असं काढायचंय. एका साखळीचा प्रस्ताव हातात आहे. नाव मुद्दाम देत नाही, चर्चा अटींवर व्हावी.

फ्रँचायझी फी ६ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, परत मिळणार नाही. मुदत ५ वर्षं. रॉयल्टी महसुलाच्या ८ टक्के, ब्रँड फंड (कंपनीच्या जाहिरातींसाठी) २ टक्के, दोन्हींवर जीएसटी वेगळा. सातव्या महिन्यापासून किमान रॉयल्टी महिना २०,०००. मॅट, बॅगा, आरसे, इंटिरियर सगळं त्यांच्याच व्हेंडरकडून, एकूण २२ लाख करांसह. ट्रेनर मी नेमायचे, प्रशिक्षण ते देणार. "१४ महिन्यांत पैसे वसूल" असं त्यांचा माणूस सांगतो.

भाडं सगळं धरून ९०,०००. आसपासच्या क्लासेसची फी महिना सरासरी २,५००. मला मार्शल आर्टमधलं ओ की ठो कळत नाही. मेव्हणा शोतोकान कराटेचा ब्लॅक बेल्ट आहे, पण तो नोकरी सोडणार नाही. फायदे-तोटे नीट मांडून सांगा. "पॅशन असेल तर करा" छापाचे प्रतिसाद नकोत.

आकडेमोड

नाव मोठं की छोटं हा प्रश्नच बाजूला ठेवा. त्या नावापायी दर महिन्याला किती जास्तीची मुलं मॅटवर उभी राहायला हवीत, एवढंच काढायचं.

आधी खर्च. भाडं ९०,०००, दोन ट्रेनर ६३,०००, रिसेप्शन आणि सफाई २०,०००, वीज १२,०००, पॅड-ग्लोव्हज आणि किरकोळ ६,०००, जाहिरात १५,०००. झाले २,०६,०००. ट्रेनरचे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमचे घालून बघा.

स्वतःचा क्लास असेल तर २,०६,००० भागिले २,५००, म्हणजे ८३ विद्यार्थ्यांवर महिना निघतो.

फ्रँचायझीत रॉयल्टी आणि फंड मिळून १० टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८. दर विद्यार्थ्यामागे हातात २,२०५ उरतात. फ्रँचायझी फी जीएसटीसह ७.०८ लाख, ६० महिन्यांवर पसरली की महिना ११,८००. आता तोच हिशोब ९९ विद्यार्थ्यांवर जातो. फरक १६. नावामुळे, अभ्यासक्रमामुळे, त्यांच्या मार्केटिंगमुळे ही १६ मुलं कायम जास्त टिकणार असतील तर घ्या. नसतील तर बोर्डापुरते पैसे मोजताय.

हे ९९ म्हणजे नुसता महिना निघणं. ते २२ लाखही ५ वर्षांत वसूल करायचे तर महिना ३६,६६७ आणखी, म्हणजे ११६ विद्यार्थी. तुमच्या पगाराचा यात एक रुपयाही नाही.

आता "१४ महिने" तपासू. २२ आणि ७.०८ मिळून २९.०८ लाख, भागिले १४ म्हणजे महिना २.०८ लाख निव्वळ. त्यासाठी पहिल्या दिवसापासून १८८ विद्यार्थी लागतात. तुमच्या जागेत मावतील किती? १,२०० कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) धरलं तर रिसेप्शन, चपला, कपडे बदलायची खोली, टॉयलेट वजा जाता मॅट ७५० चौरस फूट. किकबॉक्सिंगला माणशी ४५ चौरस फूट धरा, त्याखाली गेलात की लाथ शेजारच्याला लागते. म्हणजे १६ जणांची बॅच. संध्याकाळी ५ ते ९ चार बॅचेस, सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरु-शनि मिळून ८. एकूण १२८. सकाळच्या बॅचेस मोठ्यांच्या, त्या विरळच भरतात. १८८ बसवणार कुठे? सेल्सवाल्याला कागद-पेन देऊन तुमच्यासमोर बसवायला सांगा.

किमान रॉयल्टीकडेही बघा. २०,००० हे ८ टक्के कधी होतात? महसूल अडीच लाख झाला की, म्हणजे १०० विद्यार्थ्यांवर. त्याखाली तुम्ही ८ टक्के देतच नाही, जास्त देता. ६० विद्यार्थी असताना २०,००० अधिक फंडाचे ३,०००, त्यावर जीएसटी, म्हणजे २७,१४०. दीड लाखाच्या महसुलावर १८ टक्के झाले. आणि हे नेमकं सातव्या महिन्यापासून. जूनमध्ये उघडलंत तर सातवा महिना डिसेंबर, पुढे लगेच फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा, त्यात मुलं गळतात. किमान रॉयल्टी तेराव्या महिन्यापासून आणि टप्प्याटप्प्याने मागा.

जीएसटीचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम-फिटनेस सेंटरच्या सेवेवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) मिळत नाही. म्हणून वर रॉयल्टीवरचा जीएसटी मी खर्चात धरला. मुलांचा क्लास फिटनेसमध्ये बसतो की कोचिंगमध्ये, हे सीएकडून लेखी घ्या. १८ टक्क्यांत गेलात तर क्रेडिट मिळेल, पण पालकांची पावती फुगेल.

ताटामी_तात्या

वरच्या हिशोबाला +१. एकच शंका. ते १,२०० कार्पेट आहे का? एजंट सांगतात तो आकडा बहुतेकदा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, असतो. टेप घेऊन भिंत ते भिंत मोजा, मधले कॉलम वजा करा. उंचीही मोजा, बीमखाली १० फूट तरी हवी.

"सगळं आमच्याच व्हेंडरकडून" या अटीवर थोडं, कारण २२ लाखांतली फुगवाफुगवी इथेच सापडते. ७५० चौरस फुटाला १ मीटर बाय १ मीटरच्या ७० मॅट लागतात, म्हणजे ७ बाय १० मीटरचं क्षेत्र. कोटेशनमध्ये ९० लिहिल्या असतील तर विचारा का. चार जास्तीच्या मात्र घ्याच, नंतरच्या लॉटचा रंग जुळत नाही.

जाडी २५ मिलिमीटर. ४० मिलिमीटर ज्यूडो-जिउजित्सूला, जिथे माणूस आपटतो. किकबॉक्सिंगला ४० घातली तर पाय रुततो, फिरकी घेताना तळवा अडकतो आणि पीळ गुडघ्यात जातो. विक्रेता "जास्त जाड म्हणजे जास्त सुरक्षित" म्हणेल, पैसेही जास्त लावेल. घनता कळायला एक मॅट वजनकाट्यावर ठेवा. १०० किलो प्रति घनमीटरची २५ मिलिमीटर मॅट अडीच किलो भरते. दीड किलोच भरली तर तो ६० चा फोम आहे, जिथे रोज पाय आपटतात तिथे लवकर बसतो आणि खालची फरशी टाचेला जाणवायला लागते.

बसवताना भिंतीपासून बोटभर फट सोडा. उन्हाळ्यात फोम फुगतो, फट नसेल तर मधोमध फुगवटा येतो. आणि पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा लावा. उन्हाने मॅट आक्रसते, दोन मॅटमध्ये फट पडते, सरकून मारलेल्या पायाचं करंगळीचं बोट त्या फटीत जातं. अशी मोडलेली बोटं मॅटच्या खर्चापेक्षा महाग पडतात.

पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकेक रांग उचलून खालचा ओलावा पुसा. नायटा, गजकर्ण हा या धंद्यातला सगळ्यात लाजिरवाणा आजार. एका पोराला झाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यात बोभाटा. टाळता येण्यासारखं एक कारण : अनवाणी टॉयलेटला जाऊन तसंच मॅटवर परत. टॉयलेटच्या दारात वेगळ्या स्लिपर ठेवा. शेवटच्या बॅचनंतर जंतुनाशकाने पुसून, दहा मिनिटं ओलं राहू देऊन मग कोरडं करा. ॲसिड, कडक फिनेल नको, मॅट निसरडी होते.

बॅगा फॉल्स सीलिंगला नाहीच, स्लॅबलाही मालकाची लेखी परवानगी असेल तरच. सरळ लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम जमिनीवर उभी करा. ३०-४० किलोची बॅग हलली की झटका तिच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त बसतो. दोन बॅगांत सहा फूट, भिंतीपासून तीन. चिंध्या भरलेल्या बॅगेत माल खाली बसून तळ दगडासारखा होतो, वर पोकळ. मनगटं तिथेच मुरगळतात. तीन महिन्यांनी उघडून पुन्हा भरायची.

पहिला मजला म्हणताय, तर खाली काय आहे? बँक असेल तर संध्याकाळी बंद, उत्तम. दवाखाना किंवा ट्यूशन क्लास असेल तर दोरीच्या उड्यांवरून रोज भांडण.

अटीतटी

करारावर बोलतो.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि कागदावर जे लिहिलंय ते. त्यामुळे "असं तोंडी ठरलं होतं" याला अर्थ नाही. १४ महिन्यांचं गणित माहितीपत्रकात आहे ना? मग ते कराराला परिशिष्ट म्हणून जोडा म्हणावं. जोडणार नाहीत. नकार मिळाला तरी तुम्हाला उत्तर मिळालंच.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर वर्ग ४१ मध्ये (प्रशिक्षण, क्रीडा यांचा वर्ग) नाव शोधा. फुकट आहे. मार्क नोंदलेला आहे, नुसता अर्ज आहे, की कोणी हरकत घेतली आहे ते दिसतं. टीएम खूण कोणीही लावतो, वर्तुळातला आर नोंदणीनंतरच. आणि मालक ती कंपनीच आहे का की संचालक व्यक्तिशः, तेही बघा. "कराटे", "किकबॉक्सिंग" या शब्दांवर कोणाची मालकी नाही, त्यांचे पैसे मोजू नका.

मुदती जुळवा. फ्रँचायझी ६० महिने आणि लीव्ह अँड लायसन्स ३६ महिने असेल तर चौथ्या वर्षी मालक भाडं हवं तसं वाढवील आणि तुम्हाला हलता येणार नाही, कारण जागा बदलायला कंपनीची मंजुरी आणि नवं इंटिरियर. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतं. ते ६० महिन्यांचं करा, मालकाला लॉक-इन (मधेच करार न मोडण्याची अट) पूर्ण मुदतीचं आणि तुम्हाला १२ महिन्यांचंच, असं मागून बघा.

"ग्रॉस" ची, म्हणजे ज्यावर रॉयल्टी मोजतात त्या महसुलाची, व्याख्या वाचा. रॉयल्टी जीएसटी धरून मोजतात की वगळून? गी (कराटेचा पोशाख), ग्लोव्हज, बेल्ट परीक्षा, उन्हाळी शिबिर यांवरही? वार्षिक फी आगाऊ घेतली आणि मूल तिसऱ्या महिन्यात सोडून गेलं, तर परत केलेल्या पैशांवरची रॉयल्टी वळती होते का?

क्षेत्र. "एक्सक्लुझिव्ह" शब्दावर भुलू नका. नकाशा जोडा, हद्द रस्त्यांच्या नावाने लिहा. शाळांमधले वर्ग, सोसायट्यांची क्लबहाउसं आणि ऑनलाइन वर्ग त्यातून हळूच वगळलेले असतात. म्हणजे तुमच्या समोरच्या शाळेत कंपनी स्वतःच वर्ग चालवणार.

स्पर्धाबंदी. करार चालू असताना दुसरा क्लास काढायचा नाही ही अट टिकते, सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला हा निकाल नेहमी त्यासाठी दाखवतात. करार संपल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे अडखळते (धंदा करायला मनाई करणारी अट हे कलम रद्द ठरवतं). पण कंपनीला ती कोर्टात टिकवायची गरजच नसते. गूगलवरची नोंद, इन्स्टाग्राम पान, फोन नंबर आणि विद्यार्थ्यांचं सॉफ्टवेअर तिच्या नावावर असेल तर तुम्ही उद्या नवा बोर्ड लावलात तरी पालकांना सांगणार कसे? फोन नंबर आणि पालकांची यादी स्वतःच्या नावावर ठेवा. ही एक अट मान्य झाली तर बाकीच्या एकदोन अटी सोडल्या तरी चालतील.

आणि लवाद कुठे? दिल्ली-गुरुग्राम लिहिलं असेल तर पुणे करून घ्या.

अवांतर : मोठ्या आवाजात गाणी लावणार असाल तर त्याचा परवाना वेगळा. कंपनी तो काढत नसते.

कमरपट्टा

सगळे कागद आणि फोमवर बोलताहेत. हा धंदा "सरां"वर चालतो. मूल ब्रँडकडे येतं आणि सरांसाठी टिकतं. सर सोडून अर्ध्या किलोमीटरवर स्वतःचा क्लास काढतात तेव्हा तीस मुलं मागोमाग जातात, आणि त्याच कलम २७ मुळे तुम्ही त्यांना थांबवू शकत नाही.

म्हणून कंपनीला सगळ्यात आधी हे विचारा : ट्रेनर अचानक गेला तर किती दिवसांत बदली देता, आणि त्याचा पगार कोणी द्यायचा? "आम्ही मदत करू" हे उत्तर नाही. तुम्हाला स्वतःला शिकवता येत नाही, त्यामुळे फ्रँचायझीचा तुमच्यासाठी खरा फायदा हाच असू शकतो. ज्याला स्वतः पॅड धरता येतात त्याने १० टक्के कशाला द्यावेत? पण तुमच्यासारख्याला आठवड्याचा तयार पाठ, चाचण्या आणि बदली माणूस मिळणार असेल तर ते १० टक्के महाग नाहीत. सातत्यासाठी आणखी एक : एकाच बॅचला दोन्ही ट्रेनर आलटून-पालटून द्या, पालकांशी बोलणं रिसेप्शनवरून होऊ द्या.

बेल्टचं बघा. परीक्षा फीतले किती कंपनीला जातात, आणि वर्षातून किती परीक्षा सक्तीच्या? दर दोन महिन्यांनी नवी पट्टी म्हणजे बेल्टविक्री, आणि वाकडसारख्या ठिकाणी पालक दोनेक वर्षांत ते ओळखतात. ब्लॅक बेल्ट कोणाच्या सहीचा हेही विचारा. तायक्वांदोत डॅन (ब्लॅक बेल्टची श्रेणी) प्रमाणपत्र सोलच्या कुक्कीवॉन या संस्थेचं असतं आणि त्याची पडताळणी करता येते. कराटेत घराण्यागणिक संस्था. किकबॉक्सिंगच्या नावाखाली कंपनीने स्वतःच छापलेला ब्लॅक बेल्ट असेल तर तो त्या साखळीबाहेर शून्य.

दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांबद्दल आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाबद्दल पालक पहिल्या भेटीतच विचारतात. साखळीच्या अंतर्गत "नॅशनल" चं पदक तिथे चालत नाही. शालेय क्रीडा स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा लागते आणि कागद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून जातो. तुमच्या कंपनीची मुलं त्या स्पर्धांत उतरू शकतात का हे विचारा. काही करारांत बाहेरच्या स्पर्धांना बंदी असते.

मुलांच्या सुरक्षेत काटकसर नको. प्रत्येक ट्रेनरची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, मॅटवर कॅमेरा, कपडे बदलायच्या खोलीत अजिबात नाही. मुलींच्या बॅचला निदान एक महिला हजर. गैरप्रकाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कंपनीला आधी विचारू, प्रकरण आत मिटवू, असं करून चालत नाही. पालकांची "जबाबदारी आमची" अशी सही घेतली तरी निष्काळजीपणा माफ होत नाही, तेव्हा विमा काढा. करारात नुकसानभरपाईचा सगळा बोजा तुमच्यावर असणार हे धरूनच चाला.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याआधी निदान १४ दिवस २३ कलमांचं माहितीपत्र द्यावं लागतं. भारतात सक्ती नाही, पण त्यातली दोन कलमं मागायला काय जातं? विसावं कलम : गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद झाल्या, किती दुसऱ्याला विकल्या. एकोणिसावं : कमाईचे आकडे दाखवत असाल तर कशाच्या आधारावर. बंद झालेल्या शाखांच्या मालकांचे नंबर मागा. चालू शाखांचे नंबर कंपनी आपणहून देतेच, त्यातून काही कळत नाही.

वाकडकर_७७

सगळ्यांचे मनापासून आभार. तात्या, टेप घेऊन गेलो. कार्पेट ९४० भरलं. १,२०० बिल्टअप होतं. आतलं सगळं वजा करून मॅटला ५६० उरतील. खाली दातांचा दवाखाना आहे, रात्री ८:३० पर्यंत. किमान रॉयल्टी पुढे ढकलायला कंपनी "बघू" म्हणतेय.

आकडेमोड

५६० भागिले ४५, बॅच १२ ची. आठ बॅचेसचे ९६. महिना निघायला हवेत ९९.

म्हणजे संध्याकाळ पूर्ण भरली, एकही मूल गळलं नाही, तरी सकाळच्या बॅचची मदत लागणारच. बॅचेस तीन चतुर्थांश भरतात असं धरलं तर ७२ विद्यार्थी, आणि ७२ वर महिना निघायला फी ३,४५० हवी. आजूबाजूला २,५०० आहे. स्वतःचा क्लास काढला तरी त्या जागेत ८३ लागतातच, तेव्हा या बाबतीत दोष फ्रँचायझीचा नाही, ९० हजारांचा आहे.

कंपनीशी बोलणी पुढे न्यायची असतील तर जागा दुसरी बघा : तळमजला, निदान १,२०० कार्पेट. कंपनीलाच विचारा की ९४० कार्पेटमध्ये चाललेली त्यांची शाखा कोणती, आणि तिथे संध्याकाळी सहाला न सांगता जाऊन डोकी मोजा.

ताटामी_तात्या

दातांच्या दवाखान्यावर दोरीच्या उड्या? नको हो. खाली ड्रिल चालू आणि वर अठ्ठेचाळीस किलोचं पोरगं उडतंय.

जागा हातची जाईल म्हणून घाई करत असाल तर तोवर दोन सोसायट्यांची क्लबहाउसं बघा. फीतला हिस्सा ठरवून द्यायचा, भाडं नाही. ३० मॅट ट्रॉलीवर रचून ठेवायच्या, बॅगांऐवजी हातातले पॅड आणि किक शील्ड. एक चांगला ट्रेनर पुरतो, आणि सहा महिन्यांत मुलं किती टिकतात याचा तुमचा स्वतःचा आकडा मिळतो. फक्त फ्रँचायझीच्या करारावर सही करण्याआधी हे करा, नंतर केलंत तर त्यावरही रॉयल्टी.

टोकन दिलंय का? दिलं असेल तर पावतीवर १,२०० पुढे कार्पेट लिहिलंय की बिल्टअप, ते आधी बघा.